उमेदवाराची वेबसाइट वर्गात कशी वाचायची: क्रियापद धरा, पान सोडा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना उमेदवारांच्या प्रचाराच्या वेबसाइट वर्गात घ्यायच्या आहेत. हाताशी चाळीस मिनिटांच्या चार तासिका, साठ मुलं आणि वीस कॉम्प्युटरची लॅब आहे. आजवर ते ‘विश्वासार्ह वेबसाइट कशी ओळखाल’ छापाची दहा प्रश्नांची यादी वाटत आले. मुलं भराभर बरोबरच्या खुणा करतात आणि सगळ्यात देखण्या साइटला सगळ्यात जास्त गुण देतात. पालकांकडून पक्षपाताची तक्रार येईल ही धास्ती वेगळीच. तर हे शिकवायचं कसं?

आधी ती यादी बाजूला ठेवा. संपर्काचा पत्ता आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, अलीकडे काही नवं टाकलंय का, ॲड्रेस बारमध्ये कुलूप दिसतं का, या सगळ्या गोष्टी विकत मिळतात. बरी एजन्सी आठवडाभरात करून देते. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या आणि साइटच्या मधला मजकूर तिसऱ्याला वाचता येत नाही. त्या मजकुराच्या खरेपणाशी त्याचा काही संबंध नाही. ‘डॉट ओआरजी म्हणजे संस्था, म्हणून भरवशाची’ हेही अजून नोट्समध्ये दिसतं. ते नाव कुणीही पैसे भरून घेऊ शकतो.

स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४५ जणांना अनोळखी वेबसाइट पारखायला दिल्या होत्या: १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि २५ पदवीचे विद्यार्थी. विद्यार्थी आणि बरेचसे इतिहासतज्ज्ञही लोगो, मांडणी, साइटचं नाव यांना भुलले. फॅक्ट-चेकर मात्र पान उघडल्यावर त्यावर फार वेळ थांबलेच नाहीत. शेजारी नवे टॅब उघडून बाकीचे लोक या साइटबद्दल काय म्हणतात ते त्यांनी आधी पाहिलं. तुमच्या चार तासिकांचा गाभा हाच असू द्या. पानावरून एक नेमका दावा उचलायचा आणि पान सोडायचं.

मराठी प्रचारसाइटच्या बाबतीत त्याला माझी एक जोड आहे. दावा उचलताना आधी क्रियापद धरायचं. विशेषणांवर वेळ घालवू नका. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘लोकनेते’ हे शब्द तपासता येत नाहीत आणि तपासायचेही नसतात. पहिल्या पाच मिनिटांत मुलांना ते शोधून खोडायला लावा. हसतखेळत होतं आणि पान निम्मं रिकामं झालेलं दिसतं.

आता तयारी. आचारसंहिता लागू असताना त्याच निवडणुकीतल्या उमेदवारांच्या साइट वर्गात घेऊ नका. शिक्षकांवर सेवानियमांची बंधनं असतात, तुमच्यापैकी अनेकांना मतदान केंद्रावर ड्युटीही लागलेली असते. मागच्या निवडणुकीच्या साइट घ्या. प्रचार संपल्यावर त्या बऱ्याचदा बंद पडतात, पण वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहावर काहींच्या जुन्या प्रती सापडतात. येत्या निवडणुकांसाठी आत्तापासून साठा करायचा असेल तर प्रत्येक पान पीडीएफ करून ठेवा, वर तारीख आणि वेळ लिहा, आणि वेबॅकवर ‘सेव्ह पेज’ करून टाका. उमेदवार निवडताना तुमच्या मनाने दोन-तीन वेचू नका. नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली यांपैकी एक मतदारसंघ धरा आणि त्यातल्या ज्यांच्या ज्यांच्या साइट होत्या त्या सगळ्या घ्या. ज्यांची साइट नव्हती त्यांची नावंही फळ्यावर असू द्या. साइट नसणं हा दोष नाही, अनेकदा तो खिशाचा प्रश्न असतो, हे मुलांना नावं समोर असली की आपोआप कळतं.

पहिली तासिका कागदावरच घ्या, लॅब नको. साठ मुलांचे पंधरा गट, प्रत्येकी चार. साइटवरचा मजकूर साध्या अक्षरात, फोटो आणि रंग काढून, उमेदवाराचं आणि पक्षाचं नाव झाकून छापून द्या. देखणेपणाची भूल इथेच उतरते. सुरुवात रचलेल्या उताऱ्याने करा. मी हा असा घेईन, कुणाच्याही साइटवरचा नाही:

‘गेल्या पाच वर्षांत प्रभागासाठी तब्बल ५०० कोटींचा निधी खेचून आणला. गोदाकाठाचा कायापालट केला. मेट्रोचा प्रश्न मार्गी लावला. कांदा निर्यातबंदी उठवण्यासाठी आवाज उठवला आणि ती उठवून घेतली. तरुणांना रोजगाराची दालनं खुली करून दिली.’

मुलांनी फक्त क्रियापदं अधोरेखित करायची: खेचून आणला, कायापालट केला, मार्गी लावला, आवाज उठवला, उठवून घेतली, खुली करून दिली. मग फळ्यावर शिडी काढा. सरकारी काम खालून वर या पायऱ्यांनी चढतं: निवेदन किंवा मागणी, प्रस्ताव, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, काम पूर्ण. पानावरचं प्रत्येक क्रियापद कोणत्या पायरीवर बसतं ते गटाने ठरवायचं. ‘पाठपुरावा केला’ ही तळाची पायरी, पत्र दिलं एवढाच त्याचा हमखास अर्थ. ‘मंजूर करून घेतला’ म्हणजे बहुधा प्रशासकीय मान्यता. ‘मार्गी लावला’ कोणत्याही पायरीवर बसतं, म्हणूनच ते प्रचारात इतकं लाडकं आहे. ‘भूमिपूजन’ शिडीवर नाहीच. तो कार्यक्रम आहे, कोणत्याही दोन पायऱ्यांच्या मध्ये होऊ शकतो आणि एकाच कामाचा दोनदाही होतो.

नाशिकच्या मुलांना ही शिडी समजावायला मेट्रोइतकं चांगलं उदाहरण नाही. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटींचा उल्लेख झाला. म्हणजे ‘घोषणा झाली’ हे खरं. पण शहरात मेट्रो धावलेली मुलांनी पाहिलेली नाही. मग ‘नाशिकला मेट्रो आणली’, ‘मेट्रोला मंजुरी मिळवली’, ‘मेट्रोसाठी तरतूद झाली’ ही तीन वाक्यं फळ्यावर लिहा आणि विचारा, यातलं कोणतं किती पायऱ्या वर सरकलंय. याच्या शेजारी सिटीलिंक ही शहर बससेवा ठेवा. ती २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झाली, मुलं रोज तिने येतात. शिडीच्या वरच्या टोकाला पोचलेलं काम कसं दिसतं हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

या शिडीचा खरा उपयोग पुढे आहे. प्रत्येक पायरीचा कागद वेगळ्या ठिकाणी सापडतो. राज्य सरकारची प्रशासकीय मान्यता शासन निर्णयाच्या रूपात निघते, आणि शासन निर्णय राज्य सरकारच्या साइटवर विभाग, तारीख किंवा सांकेतांक टाकून शोधता येतात. निविदा महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवर दिसतात. कार्यारंभ आदेश बऱ्याचदा ऑनलाइन मिळत नाही. त्यासाठी माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. तो अर्ज शिक्षकांनी स्वतःच्या नावाने करावा आणि उत्तर पुढच्या सत्रात वर्गात आणावं. काम पूर्ण झालंय का, यासाठी चालत जाऊन फोटो काढणं पुरतं. म्हणजे मुलांच्या हातात ‘हे खरं आहे का’ असा मोकळा प्रश्न राहत नाही. ‘हे वाक्य पाचव्या पायरीचं आहे, तेव्हा निविदा शोधायची’ असं नेमकं काम राहतं.

त्याच तासिकेची शेवटची दहा मिनिटं आकड्यांना. ५०० कोटी वाचले की मुलं दबतात, कारण हा आकडा कुणी भागून पाहत नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. ५०० कोटी पूर्ण शहरासाठी, पाच वर्षांत आले असतील तर दर माणशी वर्षाला सुमारे ६७३ रुपये पडतात. महिन्याला ५६. आता तोच आकडा उताऱ्यात म्हटल्याप्रमाणे एका प्रभागासाठी धरा. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत ३१ प्रभाग होते, म्हणजे प्रभागाला सरासरी ४८ हजार माणसं. दर माणशी एक लाखाच्या वर गेले. चार जणांच्या कुटुंबामागे चार लाख! असं झालं असतं तर प्रभागात वेगळं सांगायची गरज पडली नसती. पहिल्या हिशेबात आकडा किरकोळ वाटतो, दुसऱ्यात अशक्य, आणि फरक फक्त ‘प्रभागासाठी’ या एका शब्दाचा. कॅल्क्युलेटर मोबाइलमधला चालेल, पण भागाकार मुलांनीच करायचा.

दुसरी तासिका: हे काम कुणाच्या हातात आहे? इथे बहुतेक वर्ग सगळ्यात जास्त शिकतो, त्यामुळे घाई करू नका. वीस चिठ्ठ्या तयार करा, प्रत्येकीवर एक विषय: गंगापूर धरणातून पाणी सोडणं, घरोघरचं नळाचं पाणी, कांदा निर्यात, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतले भूखंड, पोलीस आयुक्तालय, घंटागाडी, एसटी, सिटीलिंक, ओझरचं विमानतळ, नाशिकरोड स्टेशन, महावितरणचं वीजबिल, मनपा शाळा वगैरे. फळ्यावर तीन रकाने: केंद्र, राज्य, महापालिका. गटांनी चिठ्ठ्या लावायच्या आणि वाद घालायचा. धरण जलसंपदा विभागाचं म्हणजे राज्याचं, पण नळ महापालिकेचा, इथे वर्ग हमखास अडतो. सिंहस्थाची चिठ्ठी मुद्दाम शेवटी द्या. ती तिन्ही रकान्यांत जाते, आणि म्हणूनच ‘सिंहस्थाचा निधी मी आणला’ हे वाक्य कुण्या एकाच्या तोंडी पूर्ण खरं ठरणं कठीण.

मग उताऱ्यातला कांदा घ्या. निर्यातीचा निर्णय केंद्राचा. तारखा फळ्यावर लिहा: ८ डिसेंबर २०२३ ला बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं, १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. आता प्रश्न असा, की ‘उठवून घेतली’ म्हणजे यातली कोणती तारीख? आणि त्या तारखेला हा उमेदवार कोणत्या पदावर होता? नगरसेवकपदाच्या इच्छुकाच्या साइटवर हे वाक्य असेल तर त्याने फार तर निवेदन दिलं असेल. खासदाराच्या साइटवर असेल तर त्याने संसदेत काय प्रश्न विचारले ते संसदेच्या साइटवर पाहता येतं. लासलगावच्या बाजूची मुलं वर्गात असतील तर त्यांना तारखा आधी विचारा. त्यांना भाव आठवतात, आणि भावावरून तारीख बरोबर लागते.

पद आणि तारीख यांची सांगड घालण्याची सवय लागली की आणखी एक सापळा दिसतो. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. तेव्हा २०२३ मधल्या कामापुढे कुणी ‘नगरसेवक म्हणून केलेली कामं’ असं लिहिलं असेल तर तिथे बोट ठेवा. त्या काळात सभागृहच नव्हतं. त्याने माजी नगरसेवक म्हणून पाठपुरावा केला असेल, ते वेगळं क्रियापद झालं. तसंच चार सदस्यांच्या प्रभागात एकाच रस्त्याचं श्रेय चार साइटवर सापडतं. चौघे खोटं बोलतात असं नव्हे. चौघांनी सह्या केल्या असतील. पण ‘मी’ हा शब्द तिथे तपासायला हवा. खासदार निधीचंही असंच आहे. वर्षाला पाच कोटी, पण खासदार कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडून होतो. ‘माझ्या निधीतून’ हे ठीक, ‘मी निधी दिला’ हे सैल.

तिसऱ्या तासिकेला लॅब. वीस कॉम्प्युटर, पंधरा गट. पाच सुटे राहू द्या, एखादा बंद पडतोच. नियम एक: उमेदवाराची साइट एका टॅबमध्ये, तिच्यावर तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. दावा आधीच निवडलेला आहे, तेव्हा त्या तीन मिनिटांत एवढंच पाहायचं की दाव्यापुढे लिंक आहे का. असेल तर उघडायची आणि कागदात खरंच तेच लिहिलंय का ते बघायचं. सरकारी साइटची लिंक दिली म्हणजे दावा सिद्ध झाला असं नसतं. कित्येकदा ती लिंक योजनेच्या मुखपृष्ठावर नेऊन सोडते.

पण ही साइट उमेदवाराचीच आहे हे कशावरून? गुगलवर नाव टाकून पहिला निकाल उघडणं हा वाईट मार्ग, कारण वरचे निकाल प्रायोजित असू शकतात आणि सारख्या नावाच्या साइट विरोधकही काढतात. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांसाठी उलट्या बाजूने या. उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ मधल्या शपथपत्रात उमेदवाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती नमूद करायची असतात. त्या खात्यावर जा, तिथे दिलेली वेबसाइटची लिंक धरा. शपथपत्र निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या पोर्टलवर मिळतं. एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) या संस्थेच्या मायनेता साइटवर त्याचा सारांश वाचायला सोपा असतो, पण निकाल लिहिताना मूळ स्कॅन उघडायला लावा.

इथे दरवर्षी एक घोळ होतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. मुलं नगरसेवकपदाच्या उमेदवाराचं शपथपत्र केंद्रीय पोर्टलवर शोधतात, सापडत नाही, आणि कागदावर लिहून मोकळी होतात: ‘माहिती लपवली.’ दार चुकलं होतं, एवढंच.

शपथपत्राला इतकं महत्त्व का, हे मुलांना नीट सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हे मतदारांपुढे येऊ लागले. शपथपत्रात खोटं लिहिलं किंवा माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वेबसाइटवरच्या फुशारकीला असा चाप नाही. त्यामुळे साइटवरचं ‘उच्चशिक्षित’ आणि शपथपत्रातला शिक्षणाचा रकाना शेजारी ठेवले की बोलणं संपतं. ‘व्यवसाय: समाजसेवा’ असं साइटवर असेल तर शपथपत्रात उत्पन्नाचा स्रोत काय लिहिलाय ते पाहा.

शपथपत्र वाचतानाही मुलं घसरतात, दोन ठिकाणी. एक म्हणजे गुन्ह्यांचा आकडा. ‘सात गुन्हे’ वाचलं की मुलांचं मत तयार. त्यांना रकाने वाचायला लावा: प्रलंबित की शिक्षा झालेली, आरोपनिश्चिती झाली की नाही, कलम कोणतं. जुन्या खटल्यांत भारतीय दंड संहितेचं कलम १८८ दिसलं तर ते सरकारी आदेश मोडल्याचं, जमावबंदी मोडून काढलेल्या मोर्चात सहज लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम २२३ झालं. मोर्चाचे सात आणि मारहाणीचा एक यांत मुलांनी आपण होऊन फरक करायला हवा. दुसरं म्हणजे मालमत्तेतली वाढ. पाच वर्षांत संपत्ती तिप्पट झाली अशी बातमी मुलांना ठाऊक असते. पण शपथपत्रात स्थावर मालमत्तेची खरेदीची किंमत आणि सध्याचं अंदाजे बाजारमूल्य वेगवेगळं असतं. वडिलोपार्जित जमीन गंगापूर रोडला असेल तर काहीही न करता आकडा फुगतो. नवी खरेदी किती, जुन्याचं मूल्य किती वाढलं, कर्ज किती, हे वेगळं काढल्याशिवाय ‘तिप्पट’ हा शब्द वापरू देऊ नका.

गंभीर मुलांच्या गटाला एक जादा काम द्या. विधानसभा-लोकसभेसाठी गुन्हे प्रलंबित असलेल्या व्यक्तीला तिकीट दिलं तर पक्षाला त्याची कारणं आपल्या साइटवर टाकावी लागतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. आणि नुसती ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही, असंही. तो तक्ता शोधा आणि वेगवेगळ्या उमेदवारांपुढची कारणं शेजारी ठेवून वाचा. वाक्यं कुठे सारखी आहेत, हे मुलं मिनिटात पकडतात.

आमदार-खासदारांच्या ‘संसदीय कामगिरी’बद्दल एकच सावधगिरी. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांची ‘शून्य प्रश्न’ ही नोंद दोष म्हणून धरायची नाही.

फोटोंना तासिकेतली पंधरा मिनिटं पुरतात. फोटो आधी कुठे आला होता ते शोधायला गुगल लेन्स किंवा टिनआय वापरा; टिनआयवर सगळ्यात जुना निकाल आधी लावता येतो. बॅनरवर उमेदवाराचा चेहरा असेल तर तो कापून फक्त मागचं दृश्य शोधायला द्या, नाहीतर निकालात चेहराच येतो. शोध लागला नाही तर डोळे वापरा. ‘आपल्या प्रभागातला काँक्रीट रस्ता’ असं लिहिलेल्या फोटोत गाड्यांच्या पाट्या दिसतात का? नाशिकच्या एमएच १५, मालेगावच्या एमएच ४१. एखादी एमएच १२ दिसली तर काही बिघडत नाही, पुण्याची गाडी नाशिकला येतेच. दिसणाऱ्या पाचही पाट्या पुण्याच्या असतील तर मात्र दुकानांच्या पाट्या, बसचा रंग, विजेचे खांब बघा. सिंहस्थाच्या पानावरचा घाट रामकुंडाचा आहे की प्रयागराजचा, हे पंचवटीतलं पोर लेन्सच्या आधी सांगतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली दृश्यं आता सर्रास असतात. अशा प्रचारसामग्रीवर ठळक लेबल लावावं असं निवडणूक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये पक्षांना सांगितलं आहे. लेबल शोधायला लावा, पण लेबल नाही म्हणून फोटो खरा, असं मात्र नव्हे.

डोमेन कधी नोंदवलं हे शोधणं मुलांना फार आवडतं आणि त्यातून फारसं काही हाती लागत नाही. वीस वर्षं राजकारणात असलेला माणूसही निवडणुकीच्या तोंडावरच साइट काढतो. जाहिरातींवरचा खर्च पाहायचा तर मेटा ॲड लायब्ररी (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी) आणि गुगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र उघडा. नाव देवनागरीत आणि इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-तीन प्रकारांनी टाका, आणि जाहिरातीखाली पैसे भरणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते टिपा. मुलं चॅटबॉटला विचारणारच. शोधशब्द सुचवायला तो चालेल, स्रोत म्हणून नाही. नगरसेवक पातळीवर तो बिनदिक्कत चुकीची नावं जोडतो.

चौथी तासिका निकालाची. प्रत्येक गटाचा एक कागद, सात रकाने: दावा शब्दशः, क्रियापद व पायरी, कुणाच्या अखत्यारीत, कुठे तपासलं, काय सापडलं, निकाल, पाहिल्याची तारीख. निकाल चारच: ठरला, अर्धा ठरला, खोटा निघाला, तपासता आला नाही. ‘तपासता आला नाही’ हा मुलांना पराभव वाटतो आणि ती तो टाळायला ‘खोटा’ लिहितात. म्हणून गुण आधीच जाहीर करा. वीसपैकी आठ शोधाच्या वाटेला, पाच निकाल पुराव्याला धरून आहे का याला, चार दाव्याच्या नेमक्या निवडीला, तीन भाषेला. कोणता निकाल आला याला शून्य.

याच्या उलट टोकाची चूक जास्त नुकसान करते. तीन दावे खोटे निघाले की वर्ग ‘सगळेच चोर’ म्हणून हात झटकतो आणि तिथे विचार थांबतो. त्यावर उपाय साधा: प्रत्येक साइटमागे निदान एक दावा पूर्ण ठरलेला शोधून आणायचाच. तो बहुतेक वेळा सापडतो, आणि बऱ्याचदा छोट्या कामाचा असतो: एखादी अभ्यासिका, जलवाहिनी, पथदिवे.

पक्षपाताचं म्हणाल तर वर्गात ज्याच्या घरी ज्या पक्षाचा झेंडा, तो दुसऱ्याचीच साइट फाडतो. म्हणून नावं झाकलेल्या कागदावर पायरी आणि अखत्यारी हे दोन रकाने पेनने भरून घ्या, मग नाव उघडा. नाव कळल्यावर कुणाला रकाना बदलावासा वाटला तर बदलू द्या, पण कारण लिहून. त्या खाडाखोडीवर वर्गात झालेली चर्चा बाकी सगळ्यापेक्षा भारी ठरते. तुमचं मत विचारलं तर सांगू नका. पालकांसाठी एक पानी सूचना आधीच घरी पाठवा: मतदारसंघ कोणता, निवडणूक कोणत्या वर्षाची, सगळ्या उमेदवारांची यादी, आणि कोऱ्या सात रकान्यांचा नमुना. महाविद्यालयात निवडणूक साक्षरता मंडळ असेल तर उपक्रम त्याच्या नावाखाली घ्या. प्राचार्यांनाही सोपं जातं.

लॅबमध्ये बसण्याआधी एक सक्त सूचना. ‘आमच्याशी जोडा’, ‘तक्रार नोंदवा’, ‘मतदार यादीत नाव शोधा’ अशा कुठल्याही फॉर्ममध्ये स्वतःचा किंवा घरच्यांचा मोबाइल नंबर टाकायचा नाही. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे, आणि हे फॉर्म ती मागताना क्वचित दिसतात. फॉर्म न भरता वाचायचा: काय मागतात, कशासाठी मागतात, गोपनीयतेचं पान आहे का. मतदार यादीसाठी आयोगाचं स्वतःचं पोर्टल आहे, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, तिथे आगाऊ भरता येतो.

सगळे कागद स्कॅन करून साइटच्या पीडीएफसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा, मतदारसंघ आणि वर्ष टाकून. ‘तपासता आला नाही’चे दावे वेगळे काढा. माहिती अधिकाराचे अर्ज त्यांच्यातूनच निवडायचे, एका सत्राला दोनपेक्षा जास्त नकोत, आणि एका अर्जात एकाच कामाचं विचारायचं: कामाचं नाव, कार्यारंभ आदेशाची तारीख आणि प्रत, आजवर अदा केलेली रक्कम.